ओळ काढण्याबाबत

४ मार्च

महाशय,

तुला महाशय म्हणताना मला जराही बरं वाटत नाहीये, पण हे कार्यालयीन पत्र आहे. आमच्या वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर 'या आठवड्यात शहरात' हे सदर मी चालवते. तुला ते ठाऊक आहेच, त्यावरूनच तर तू घर सोडून गेलास. त्या सदराच्या अगदी तळाशी अजूनही पुढची ओळ छापली जाते:

"दर रविवारी सकाळी, बंदरातल्या जुन्या शेडमध्ये होडी वल्हवायला शिकवतात. शुल्क नाही. कपडे भिजतील."

ही ओळ तू दिली होतीस. नेहमीच्या कार्यक्रमाची ओळ आमच्याकडे एकदा लागली की लागली. ज्यानं दिली त्यानं स्वतःच्या हातानं लिहून कळवल्याशिवाय ती निघत नाही. हा नियम मीच केला, कारण एका गायनमंडळानं फोन करून दुसऱ्या गायनमंडळाची ओळ काढायला लावली होती आणि मग दोन्ही मंडळं माझ्या टेबलासमोर सुरात भांडली होती. आता नवे संपादक आलेत. सदरातलं सगळं खरं आहे ना, एकेक ओळ तपासा, असं त्यांचं फर्मान आहे. बुद्धिबळाचा कट्टा खरा आहे, मी बघून आले. पक्षिनिरीक्षणवाले खरे आहेत, फक्त पक्षी नव्हते. राहता राहिलास तू.

त्यात गेल्या रविवारी दातांचे एक डॉक्टर सकाळी सकाळी जुने कपडे घालून तुझ्या शेडसमोर जाऊन उभे राहिले. कुलूप बघून परत गेले आणि सोमवारी थेट माझ्याकडे आले. तुम्ही छापता म्हणून आम्ही जातो, असं ते म्हणाले. फार सभ्यपणे म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

तरी, 'माझी ओळ काढून टाकावी' एवढं एका कागदावर लिही, सही कर आणि पाठव. पत्ता लिहिलेलं पाकीट सोबत जोडलं आहे, तिकीटही लावलंय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा उपद्व्याप.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

आपली,
सदर-संपादक (आणि दुर्दैवानं, तुझी थोरली बहीण)


१३ मार्च

अरे खेकड्या,

महाशय म्हणून झालं, आता लहानपणापासून जे म्हणते तेच म्हणते. पाकीट खाल्लंस की काय? एक ओळ लिहायला सांगितली होती. अडचण आली की तिरका चालत बिळात शिरायचं, हे तुझं पहिल्यापासूनचं.

तू का गेलास ते मला माहीत आहे आणि ते मला आजही पटलेलं नाही. तुझ्या 'होडी दिवसा'ची बातमी मी सदरात सगळ्यात शेवटी, हरवलेल्या पोपटाच्या खाली छापली, म्हणून तू गेलास. सख्ख्या भावाला वर छापलं असतं तर उद्या अख्ख्या शहरानं माझ्याकडे बोट दाखवलं असतं. घरच्यांचं शेवटी, हे मी ठरवलं होतं आणि ते बरोबर होतं. लोकांनी पोपट वाचला आणि पेपर मिटला, त्याला मी काय करू? तुझ्या होडी दिवसाला कुणी फिरकलं नाही, तर तू सोमवारी शेडला कुलूप घातलंस, किल्ली आईच्या खिडकीतल्या खिळ्याला अडकवलीस आणि जिथं समुद्राचा थेंब नाही अशा शहरात जाऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागलास. "पोपटाच्या खाली, ताई?" एवढंच बोललास. भांडला असतास तर मी चार शब्द ऐकवले तरी असते.

मग मी तुझी ओळ स्वतःच का काढत नाही, असं तू म्हणशील. नियम मोडायचा नाही म्हणून, असं मी ऑफिसात सांगते. तुला खरं सांगते. आई दर शुक्रवारी पेपर आला की भिंग घेऊन खिडकीत बसते. पाचवं पान उघडते, बाकी सगळं सोडून बोट खाली खाली नेते, तळाच्या ओळीवर थांबते, वाचते आणि "आहे" म्हणते. मग पेपर घडी करून मला देते. तुझं नाव काढत नाही. कुठं आहेस, जेवतोस का, काही विचारत नाही. ते "आहे" म्हटल्यावर आठवडाभर तिचं भागतं. एका शुक्रवारी जागा कमी पडली म्हणून तुझी ओळ गळली होती, तर ती जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

आता बघ माझी कोंडी. ओळ काढावी तर आई. ठेवावी तर खोटं छापल्यासारखं होतं, आणि या सदरात मी आजवर खोटं एक अक्षर छापलेलं नाही. म्हणून गेल्या रविवारी मीच शेडवर गेले. येईल त्याला वर्ग बंद आहे असं सांगायचं आणि परतायचं, असं ठरवून गेले होते. तिथं डॉक्टर उभे होतेच. शिवाय निवृत्त पोस्टमन, ज्यांना सगळे टपालकाका म्हणतात ते, आणि चौकातल्या बेकरीची मालकीणबाई. तिघांच्या हातात टॉवेल. बेकरीवाल्या बाईंनी तर आयुष्यात पहिल्यांदा रविवारी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाबांच्या होडीत लहानपणी बसले होते, आता एकदा वल्हं मारून बघायचंय."

मी कुलूप उघडलं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. का होती, ते विचारू नकोस.

उत्तर पाठव. म्हणजे मी या लोकांना हात जोडून मोकळी होईन.

संतापलेली,
ताई


२ एप्रिल

खेकड्या,

माझी पत्रं परत आलेली नाहीत, म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि तू वाचतोयस. वाच मग.

ओळ खरी राहावी म्हणून मी दर रविवारी शेड उघडते. मी! बाबांनी आपल्या दोघांना होडीत घातलं तेव्हा मी सुकाणू धरायचे आणि तू वल्हवायचास, कारण मला पाय भिजलेले खपत नाहीत. अजून खपत नाहीत. माझे बूट आता कायमचे मिठानं पांढरे झालेत आणि ऑफिसात मी चालले की पचपच आवाज येतो. संपादक मान वर करून बघतात.

बाबांची होडी चार वल्ह्यांची. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. शिकणारे तीन. मी वल्ह्यावर बसले तर सुकाणू कोण धरणार, आणि तिघांपैकी कुणाला सुकाणू दिलं तर धक्क्याला भोक पडेल. म्हणून उजवीकडे डॉक्टर आणि टपालकाका, डावीकडे एकट्या बेकरीवाल्या बाई. डावीकडचं पुढचं वल्हं, तुझं, आडवं पडून असतं. परिणाम काय होतो तो तुला सांगायला नको. होडी डावीकडे वळते. मी सुकाणू उजवीकडे नेते, ती तरी डावीकडे वळते. टपालकाकांना मी म्हटलं, जरा हळू. ते म्हणाले, आयुष्यभर भरभर चाललो, आता हळू कसं जमेल. डॉक्टर दर फटक्याला श्वास मोजतात आणि रोग्याला सांगावं तसं स्वतःलाच 'मोठा आ करा' म्हणतात. आम्ही धक्क्यापासून निघतो आणि गोल फिरून पुन्हा धक्क्यालाच लागतो. बंदरातले मच्छीमार आता जाळी दुरुस्त करायला मुद्दाम रविवारी येऊन बसतात. त्यांची फुकटची करमणूक.

आता खरी गंमत ऐक, म्हणजे माझ्या दृष्टीनं अजिबात गंमत नाही. मे महिन्यात बंदर सप्ताह आहे. गायनमंडळ (दोन्ही), कुत्र्यांचं प्रदर्शन, जुन्या फर्निचरचा बाजार, डोळे तपासणी शिबिर, आणि वाळूशिल्प स्पर्धा, जी समितीनं भर भरतीच्या वेळेला ठेवली आहे. मी अध्यक्षांना तसं कळवलं, तर ते म्हणाले, वेळ छापून झाली आहे, भरतीला थांबायला सांगा. वर समितीचा ठराव असा की माझ्या सदरात ज्यांची कायम ओळ आहे त्या प्रत्येकानं शेवटच्या दिवशी मंडपासमोर आपापलं काम करून दाखवायचं. ऐच्छिक नाही. न येणाऱ्यांना पुढच्या वर्षी बंदरातली जागा मिळणार नाही.

म्हणजे बाबांची शेड.

तू आलास तर डावीकडचं वल्हं तुझं. नाही आलास तर ओळ काढायचं पत्र पाठव, म्हणजे मी समितीला दाखवून सुटेन आणि आईला काय सांगायचं ते माझं मी बघेन. या दोन्हींपैकी एक कर. दोन्ही न करणं हा पर्याय मी तुला दिलेला नाही.

चिंब,
ताई


२१ एप्रिल

ऐक,

आज लांबण लावत नाही, कारण काही लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही.

आज आईनं बेकरीवाल्या बाईंना घरी बोलावून विचारलं की रविवारी कोण शिकवतं. बाईंनी माझं नाव सांगितलं. नंतर आई मला म्हणाली, थर्मासमध्ये चहा चौघांपुरता भरत जा. चौघं कोण, असं मी विचारलं नाही. तिघं आणि मी, की तिघं आणि तू, याचा मी दिवसभर विचार करत बसले आणि त्या नादात डोळे तपासणी शिबिराची तारीख चुकीची छापली. आता शहरातले सगळे अंधूक दिसणारे लोक चुकीच्या दिवशी चुकीच्या शाळेत जाणार आणि खापर माझ्यावर फुटणार.

तुझं मला काही कळत नाही. तू रागावलास ते एक वेळ समजलं. पण राग असा किती काळ घडी करून ठेवायचा असतो? मला तुझी आठवण येते आणि आली की मला तुझाच राग येतो. मग मी कुणावर तरी खेकसते, बहुतेक वेळा डॉक्टरांवर, आणि ते इतके सभ्य आहेत की माफी मागतात.

होडी अजून गोलच फिरते.

ताई


७ मे

प्रिय खेकड्या,

झालं एकदाचं. मी हे लिहिताना माझ्या केसांत अजून वाळू आहे.

बंदर सप्ताहाचा शेवटचा दिवस. वाळूशिल्पं आदल्या दिवशीच समुद्रानं नेली, पहिलं बक्षीस कुणाला द्यायचं त्यावरून परीक्षकांत अबोला आहे. मंडपात अख्खं शहर. माझे संपादक पहिल्या रांगेत, कारण त्यांना फुकट पास मिळतो. आईला मी नको म्हटलं होतं, तरी ती घडीची खुर्ची घेऊन धक्क्याच्या अगदी कडेला जाऊन बसली, भिंगासकट. भिंगातून होडी कशी दिसणार ते तिलाच ठाऊक.

आमचा नंबर आला. आम्ही निघालो आणि मंडपासमोर पोचेपर्यंत देवाशप्पथ सरळ होतो. मग टपालकाकांनी गर्दी बघितली. त्यांना चेव चढला. होडी डावीकडे वळली ती वळतच गेली. एक फेरी झाली. दुसरी झाली. मी सुकाणू पोटाशी धरून ओरडत होते, बेकरीवाल्या बाई हसून हसून वल्हं मारायच्याच थांबल्या, त्यामुळे तिसरी फेरी आणखी लहान झाली. ध्वनिक्षेपकावरच्या निवेदकाला वाटलं हे ठरवूनच चाललंय. 'होडीचं रिंगण,' असं त्यानं जाहीर केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपादक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला समुद्रात उडी मारावीशी वाटली, फक्त बूट भिजले असते म्हणून मारली नाही. ते तोवर भिजलेच होते.

शेड वाचली. समितीनं पुढच्या वर्षी रिंगण दोनदा ठेवायचं ठरवलंय.

पण तुला लिहायला बसले ते यासाठी नाही. धक्क्याला लागलो तेव्हा आईनं मला हात दिला. तिच्यासमोर माझा बांध फुटला. म्हटलं, तुझ्या त्या ओळीसाठी मी स्वतःचं हसं करून घेतलं, आता तरी मला मोकळं कर, तो येणार नाही गं.

आई म्हणाली, "तो येणार नाही हे मला किल्ली खिळ्यावर दिसली तेव्हाच कळलं होतं. मी त्याची वाट नव्हते बघत. तू त्याची ओळ अजून ठेवतेस का, ते बघत होते."

मी बूट काढून त्यातलं पाणी ओतलं.

"बाबांच्या मागं तुम्ही दोघंच आहात," ती म्हणाली. "एकानं तोडलंच होतं. दुसरीनंही तोडलं का, तेवढं दर शुक्रवारी वाचायचे."

खेकड्या, मी तिथं ओल्या फळीवर बसले आणि रडले. टपालकाकांना वाटलं होडीमुळे रडते आहे, त्यांनी पुढच्या वेळी हळू वल्हवायचं कबूल केलं.

तेव्हा मार्चमधलं ते कार्यालयीन पत्र मी मागं घेते. काही लिहू नकोस. सही करू नकोस. पाकिटावरचं तिकीट सोडवून दुसऱ्या कुठल्या कामाला वापर. तुझी ओळ मी काढणार नाही आणि कुणाला काढू देणार नाही.

तुझी,
ताई


२० मे

प्रिय भावा,

तुझ्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. इतके दिवस मी घसा फोडून मागत होते तेव्हा गप्प बसलास, आणि मी 'नको' लिहून पत्र पेटीत टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझं पाकीट आलं. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझंच पाकीट, माझंच तिकीट, माझ्याच अक्षरातला पत्ता. आत तुझा कागद.

"माझी ओळ काढून टाकावी." खाली सही. तारीखसुद्धा घातलीस. लिफ्ट कंपनीत बरंच शिकवलेलं दिसतंय.

मी तो कागद टेबलावर ठेवून दुपारभर त्याच्याकडे बघत बसले. फाडावा म्हटलं. पण नियम माझाच आहे: ज्यानं दिली त्यानं लिहून मागितली तर ओळ काढायची. गायनमंडळाला मी तो ऐकवलाय, बुद्धिबळवाल्यांना ऐकवलाय. आता स्वतःच्या भावासाठी मोडला तर पोपटाच्या खाली छापलं ते कशासाठी? तुझी ओळ काढली. काढताना तीनदा थांबले, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

मग कागद फाइलला लावायला उलटा केला तर मागं पेन्सिलीनं, अगदी बारीक, तू लिहिलं होतंस: "उजवीकडच्या दोघांना वल्हं हातभर आत ओढून धरायला सांग. बाईंना बाबा बसायचे त्या फळीवर बसव, पाय टेकायला आधार मिळतो. होडी सरळ जाईल."

म्हणजे तू सगळी पत्रं वाचलीस. एकेक अक्षर. लिफ्टच्या खड्ड्यात बसून माझी होडी डोक्यात फिरवत बसलास, आणि ख्यालीखुशालीचा एक शब्द लिहिला नाहीस. तुझ्या कानशिलात द्यावी की तुला जवळ घ्यावं, मला ठरवता येत नाहीये. अंतर आहे हे एका परीनं बरंच आहे.

रविवारी तू सांगितलंस तसं केलं. डॉक्टरांनी आणि टपालकाकांनी वल्हं आत ओढून धरलं. बाई बाबांच्या फळीवर बसल्या. आम्ही धक्क्यापासून निघालो आणि दीपस्तंभाच्या खडकापर्यंत सुतासारखे सरळ गेलो. मच्छीमारांनी जाळी खाली ठेवली. बाई ओरडल्या, डॉक्टरांनी मोठा आ केला. सगळे खूश. आणि मला इतका राग आला की चहा न पाजताच सगळ्यांना घरी पाठवलं. तुझ्याशिवाय होडी सरळ जाते, हे मला बघायचं नव्हतं. गोल फिरत होती तेव्हा निदान ती तुझी जागा दाखवत होती.

तर मी असं केलंय. नवी ओळ मी दिली आहे, रीतसर, कागदावर, माझ्या सहीनं. संपादकांनी विचारलं की आयोजकाच्या जागी तुमचं नाव कसं. म्हटलं, कारण शिकवते मीच. ते म्हणाले, मग ती वर घेऊ या, रिंगणामुळे लोकप्रिय आहे. मी नाही म्हटलं. घरच्यांचं शेवटी. फक्त या वेळी तिच्यावर पोपट नाही. तो सापडला, शेजारच्याच बाल्कनीत होता.

छपाईला जाण्याआधी मी कच्चं पान घरी आणलं. आईनं भिंग घेतलं, बोट खाली खाली नेलं, तळाशी थांबली. या वेळी तिला जास्त वेळ लागला. तिनं ती ओळ दोनदा वाचली, मग माझ्याकडे बघितलं आणि "आहे" म्हणाली.

उद्याच्या अंकात येतेय. तुमच्याकडे आमचा पेपर मिळत नाही, म्हणून इथं उतरवून देते:

"दर रविवारी सकाळी, बंदरातल्या जुन्या शेडमध्ये होडी वल्हवायला शिकवतात. शुल्क नाही. डावीकडची पुढची जागा रिकामी आहे. कपडे भिजतील."

ताई